कर्ता कुठे गेला? कथेतले कर्मणी प्रयोग आणि ढिली भाषा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कथेचा खर्डा मैत्रिणीला वाचायला दिला. तिने शेरा मारला, 'कर्मणी वाक्यं फार, भाषा लेचीपेची.' मग तुम्ही 'ने' असलेली वाक्यं शोधशोधून बदललीत. 'तिने दार उघडलं' होतं तिथे कुठे 'ती दार उघडते' केलंत, कुठे 'ती दार उघडत होती'. आता कथा आधीपेक्षाही निर्जीव वाटतेय आणि नेमकं काय सुधारायचं ते कळत नाही.

आधी ते सगळे 'ने' जागच्या जागी परत ठेवा. मैत्रिणीचा कान बरोबर आहे आणि दुखणंही खरं आहे. तिने त्याला दिलेलं नाव तेवढं चुकलंय. मी बरीच वर्षं कथा-कादंबऱ्यांचं संपादन करतो आणि हा गोंधळ नव्या लेखकांत वरचेवर भेटतो, कारण लेखनाचे सल्ले आपण इंग्रजीतून उचलतो आणि वाक्यं मराठीत लिहितो.

शाळेतलं व्याकरण क्षणभर आठवा. तिने दार उघडलं, तिने खिडकी उघडली, तिने डबा उघडला. क्रियापद दार, खिडकी, डबा यांच्या लिंगाप्रमाणे बदललं. उघडणारी तीच, पण क्रियापद तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे हे तिन्ही कर्मणी प्रयोग. सकर्मक क्रियापद साध्या भूतकाळात गेलं की मराठीत बहुतेक वेळा हेच होतं. 'मी' आणि 'तू' यांना तर 'ने' लागतही नाही, तरी 'मी खिडकी उघडली' हा कर्मणीच. 'तिने मुलाला उचललं' हा भावे, तिथे क्रियापद कोणाचंच ऐकत नाही. उलट 'तो पत्ता विसरला', 'ती पाणी प्याली' ही वाक्यं कर्म असूनही कर्तरी राहतात, म्हणजे क्रियापद कर्त्याचंच ऐकतं, कारण विसरणे, पिणे, बोलणे, शिकणे अशा मोजक्या क्रियापदांची ती जुनी खोड आहे. आता सांगा, 'ती पाणी प्याली' हे वाक्य 'तिने पाणी ओतलं' यापेक्षा जोमदार आहे का? कर्ता दोन्हीकडे पहिल्या जागी ठाण मांडून आहे, कृती दोन्हीकडे पुरी झाली आहे. 'तिने पाणी ओतलं' या जातीच्या वाक्याला व्याकरणात प्रधानकर्तृक कर्मणी म्हणतात. प्रयोग कर्माचा, मान कर्त्याचा. भूतकाळात सांगितलेली मराठी कथा चालते ती मुख्यतः अशाच वाक्यांवर.

'उघडलं'चं 'उघडत होती' केल्यावर नेमकं काय गेलं तेही बघा. 'तिने दार उघडलं' म्हटलं की दार आता उघडं आहे आणि वाचक उंबरठ्यावर आहे. 'ती दार उघडत होती' म्हटलं की तो थांबतो, कारण मराठी कानाला त्यापुढे 'तेवढ्यात' हवं असतं. दार उघडत होती, तेवढ्यात काय झालं? तुमच्या दुरुस्त खर्ड्यात पानभर लोक काही ना काही करत होते आणि 'तेवढ्यात' कुठेच आलं नाही. निर्जीवपणा तिथून आला.

हा सल्ला मुळात कुठला, तेही सांगतो. विल्यम स्ट्रंक नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने १९१८ साली आपल्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी लेखनाची छोटी पुस्तिका छापली, तिच्यात कर्तरी वापरा हा नियम होता. १९४६ साली जॉर्ज ऑर्वेलने एका निबंधात तो आणखी कडक केला: कर्तरी चालत असेल तिथे कर्मणी कधीच नको. पण ऑर्वेलचा रोख राजकीय गद्यावर होता, आणि भाषेच्या साहित्यिक वापराचा विचार आपण इथे केलेला नाही, असं त्यानेच त्या निबंधात म्हटलंय. पुढे नियम प्रवासाला निघाला आणि ही अट मागेच राहिली. इंग्रजीत कर्मणी केलं की कर्ता वाक्याच्या शेपटाला जातो किंवा गायबच होतो. आपल्या साध्या भूतकाळात तसं काही होत नाही. त्यामुळे नियम जसाच्या तसा मराठीत आणला तर निरपराध वाक्यं धरली जातात आणि खरी आरोपी सुटतात. त्या नियमामागची काळजी मात्र आपल्याही उपयोगाची आहे: कर्ता कुठे गेला?

मी खर्डा वाचताना हाच प्रश्न विचारतो, आणि त्याला एक जोडप्रश्न: त्याला कोणी लपवलं? पात्राने लपवला असेल तर वाक्य राखायचं. निवेदकाने जाणूनबुजून लपवला असेल तरी राखायचं. लेखकाच्या आळसाने हरवला असेल तरच ते वाक्य ढिलं, मग त्याचा प्रयोग कुठलाही असो.

एकच घटना घेऊन बघू. घरात एक पत्र होतं, आता त्याची राख आहे.

तिने पत्र जाळलं.
पत्र जळलं.
तिच्या हातून पत्र जळलं.
पत्र जाळून टाकलं.
कोणीतरी पत्र जाळलं.
पत्र जाळलं गेलं.
पत्र जाळण्यात आलं.

पहिल्यात कर्ती समोर आहे आणि तिचा हेतूही. दुसऱ्यात कर्ता व्याकरणानेच शिल्लक ठेवलेला नाही. दिव्याने जळलं असेल, आपसूक जळलं असेल, किंवा सांगणाऱ्याला आपलं नाव येऊ द्यायचं नसेल. तिसऱ्यात हात आहे, हेतू नाही, आणि हे वाक्य ती स्वतः बोलत असेल तर ते खरं असेलच असं नाही. चौथ्यात कर्ता आधीच्या वाक्यातून कळतो, आणि 'टाकलं'मुळे एकदाची ब्याद गेल्याचा भाव येतो. पाचव्यात निवेदकाला माहीत नाही, किंवा माहीत नसल्याचं तो दाखवतोय. सातवं वाक्य कारकुनाचं आहे. कार्यालयीन पत्रातून किंवा बातमीतून उचलून आणल्यासारखं, आणि तशीच गरज असेल तर झकास.

राहिलं सहावं. 'जाळलं गेलं'मधून काय हाती लागलं? हेतूही नाही, अपघातही नाही, सांगणाऱ्याचा स्वभावही नाही. व्याकरण याला नवीन कर्मणी म्हणतं. 'चोर पकडला गेला', 'निर्णय घेतला गेला', आणि फारच औपचारिक झालं तर पुढे 'कडून' किंवा 'द्वारे'. तुमच्या मैत्रिणीच्या कानाला खुपलेली वाक्यं हीच असणार, पैज लावतो. तुम्ही पाठवलेल्या पानांत 'गेलं', 'गेली', 'गेले' इतक्या वेळा आलेत की कथेतलं कोणी स्वतःहून काही करतंय असं वाटतच नाही.

वरच्या यादीत 'जाळलं' आणि 'जळलं' शेजारी ठेवले त्याला कारण आहे. जळणे-जाळणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, फाटणे-फाडणे, मरणे-मारणे, बुडणे-बुडवणे. आपोआप घडणं आणि कोणीतरी घडवणं यांच्यासाठी मराठीत अशी जोडीची क्रियापदं तयार आहेत, आणि कर्ता लपवायचा की दाखवायचा हे ठरवायला त्यांच्याइतकं बारीक हत्यार नाही. दोन ओळींचा संवाद बघा:

"काच कोणी फोडली?"
"फुटली."

विचारणाऱ्याने 'फोड' वापरलं, उत्तर देणाऱ्याने शांतपणे 'फुट' केलं. सगळं भांडण त्या बदललेल्या क्रियापदात आहे. मुलगा खोटं बोलला का? नाही. काच फुटली हे खरंच आहे. त्याने फक्त स्वतःला वाक्यातून बाहेर काढलं. इथे कर्ता दाखवायच्या हट्टापायी 'मी नाही फोडली' केलंत तर तो दुसराच मुलगा होतो, सरळ नाकारणारा. आणि 'माझ्या हातून फुटली' म्हणाला तर तिसरा, कबूल करणारा पण वाटाघाटीला बसलेला. कोण कसा बोलेल हे ठरवणं म्हणजेच पात्र रंगवणं. कर्मणी टाळा असं म्हणत हे सगळं एका रंगात रंगवून टाकणारे संपादक मी पाहिलेत, आणि त्यांच्या हातून गेलेल्या कथेतली माणसं एकाच शाळेत शिकल्यासारखी बोलतात.

आता कर्ता खरोखरच नको असेल तर? मराठीत तो नुसता गाळता येतो, 'गेलं'ची कुबडी लागत नाही. हे फार थोड्या लेखकांच्या लक्षात येतं. रात्री एका माणसाला घरातून उचलून नेतात असा प्रसंग आहे समजा:

'त्याला पकडलं गेलं. त्याचे हात बांधले गेले. त्याला गाडीत बसवलं गेलं. त्याला काहीही विचारू दिलं गेलं नाही.'

हेच 'गेलं' काढून:

'त्याला पकडलं. हात बांधले. गाडीत घातलं. कुठे नेताय, हे विचारू दिलं नाही.'

दुसऱ्या उताऱ्यातही पकडणारे कोण ते सांगितलेलं नाही. तरी ते खोलीत आहेत, त्यांचे हात जाणवतात, चेहरे दिसत नाहीत. पहिल्या उताऱ्यात कोणीच नाही, नुसतं व्याकरण आहे. सत्ता, जमाव, यंत्रणा, अफवा अशा बिनचेहऱ्याच्या कर्त्यांसाठी ही गाळलेली जागा फार उपयोगी पडते. 'त्याच्याबद्दल काहीबाही बोलतात.' कोण बोलतात? सगळे. सांगायची गरज नाही.

कर्मणीच्या आणखी दोन जाती कथेसाठी मोलाच्या आहेत आणि त्यांना कोणी हात लावू नये. एक शक्य कर्मणी: 'आईला ते बघवेना', 'त्याच्याने जिना चढवेना', 'मला सांगवत नाही'. याऐवजी 'आई ते बघू शकत नव्हती' हे अगदी शिस्तीतलं कर्तरी वाक्य लिहून बघा. लांबलं, थंड झालं, आणि परकं वाटायला लागलं. 'बघवेना'मध्ये असमर्थता आणि वेदना एकाच शब्दात आहेत. 'शकणे'ला त्यातली निम्मीसुद्धा पेलत नाही. हल्लीच्या गद्यात 'शकत होता', 'शकली नाही' यांचा सुळसुळाट आहे. कर्मणीवर दात धरण्यापेक्षा त्यांच्यामागे लागा. दुसरी जात समापन कर्मणी: 'पत्र लिहून झालं. वाचून झालं. घडी घालून झाली.' काम संपलंय आणि आता हातांना काही उरलेलं नाही, ही पोकळी 'त्याने पत्र लिहिलं, वाचलं, घडी घातली' यात येणारच नाही.

आणि तो बदनाम 'गेलं'सुद्धा एका ठिकाणी चोख काम करतो. 'माझ्याकडून नको ते बोललं गेलं.' इच्छा नव्हती, तरी झालं. तोंड माझं, पण मी नव्हे, असं सुचवायचं असेल तेव्हा हेच वाक्य हवं. अर्थात 'बोलून गेलो' आणि 'बोलून बसलो' हेही आहेत. गेलो म्हणजे ओघात, बसलो म्हणजे आता भोगतोय. तिघांमधून निवडताना वाक्य मोठ्याने म्हणून बघा, ज्याने पात्राची मान खाली जाते ते घ्या.

प्रयोगांचं इतकंच. आता लेचीपेची भाषा. ती बऱ्याचदा कर्तरी वाक्यांतच जास्त सापडते.

माझ्या मते सगळ्यांत मोठा दोष क्रियापदाचं नाम करून त्याला 'करणे' किंवा 'होणे' जोडण्याचा आहे. त्याने खोलीत प्रवेश केला. तिने स्मितहास्य केलं. त्याने कागदांचं निरीक्षण केलं. तिच्या मनात भीतीची भावना निर्माण झाली. यातल्या प्रत्येक वाक्यात कृती नामात जाऊन बसली आणि क्रियापदाच्या जागी नुसता 'केलं'चा ठोकळा उरला. 'शिरला' म्हणा. शिरणं, घुसणं, डोकावणं, येऊन उभं राहणं ही चार वेगळ्या माणसांची चार वेगळी येणी आहेत, 'प्रवेश करणे' यात ती सगळी सपाट होतात. ती हसली; मग ती गालात हसली, ओठ मुडपून हसली की खुदकन हसली ते पुढचं. निरीक्षण करण्याऐवजी न्याहाळता येतं, निरखता येतं, चाळता येतं, आणि बघताही येतं. 'बघितलं' हा अतिशय चांगला शब्द आहे. नव्या लेखकांना तो फार साधा वाटतो.

मात्र उलट्या टोकाला जाऊ नका. दर वाक्यात एक झणझणीत क्रियापद हवंच असं ठरवून कोश उघडून बसलात तर कथेत कोणी साधं चालणार नाही. सगळे ठुमकतील, लडखडतील, भरकटतील. साधी कृती साध्या शब्दात जाऊ द्यावी. वजनदार क्रियापद वाचकाला 'इकडे बघ' म्हणतं, म्हणून जिथे बघायला काही आहे तिथेच ते खर्चावं. 'काम केलं', 'लग्न केलं', 'फोन केला' यांतल्या 'केलं'वर तर आक्षेपच नाही, तिथे दुसरं क्रियापदच नाही.

भावनांबद्दल एक गैरसमज आहे. 'तिला राग आला', 'त्याला भीती वाटली', 'मला भूक लागली' या वाक्यांत माणूस 'ला' घेऊन बाजूला उभा असतो आणि राग, भीती, भूक कर्त्याच्या जागी असतात. कोणी म्हणेल, पात्र निष्क्रिय झालं. पण मराठीत भावना माणसावर येतात, त्याला होतात, लागतात, वाटतात. ती आपली घडणच आहे. 'ती रागावली', 'तो घाबरला' हीही रूपं आहेत, पण ती पर्यायी नव्हेत. 'तो घाबरला' हे बाहेरून दिसतं, समोरच्याला कळतं. 'त्याला भीती वाटली' हे फक्त त्याला माहीत. दोन पात्रं समोरासमोर असताना कोणाच्या आत बसून तुम्ही सांगताय त्यावर हे ठरवा. एकाच परिच्छेदात 'तिला भीती वाटली, तो दचकला' असं आलं तर आपण तिच्या आत आहोत आणि तो समोर आहे, हे वाचकाला न सांगता कळतं.

'वाटलं' मात्र तपासून घ्या. 'त्याला असं वाटलं की मागे कोणीतरी उभं आहे.' तो घाबरलेला आहे, आपण त्याच्या डोक्यात आहोत, तर मग 'मागे कोणीतरी उभं होतं' एवढंच का नाही? 'तिने पाहिलं की', 'त्याला ऐकू आलं की', 'तिच्या लक्षात आलं की' या सगळ्या वाचक आणि घटना यांच्यामधल्या काचा आहेत. बहुतेक काढता येतात. दोन ठिकाणी ठेवा: जिथे पुढे ते वाटणं खोटं ठरणार आहे, आणि जिथे पाहणं हीच घटना आहे. 'तिने शेवटी आरशात पाहिलं' यातलं पाहणं काढलंत तर काहीच उरणार नाही.

'होता, होती, होतं' यांच्यावर सरसकट राग धरू नका. 'खोलीत एक टेबल होतं. टेबलावर एक दिवा होता. दिव्याखाली एक वही होती.' ही यादी आहे, वर्णन नाही, आणि प्रत्येक वस्तूआधीचा 'एक' इंग्रजीतून गळून आलाय. पात्राला खोलीत फिरू द्या, मग वस्तू वाटेत येतील: 'टेबलाशी जाऊन त्याने दिवा सरकवला. खाली वही.' शेवटच्या वाक्यात क्रियापदच नाही, आणि मराठीला ते सहज चालतं. अर्थात हीही खोड लागते. पानात तीनदा केलं की ती शैली न राहता लकब होते. 'बसलेला होता', 'पसरलेली होती', 'ठेवलेलं होतं' यांतला 'लेला' निम्म्या वेळा नुसती चरबी असतो; 'बसला होता' पुरतं. सवयीच्या भूतकाळासाठी 'यायचा' आणि 'येत असे' असताना 'येत होता' वापरू नका. 'यायचा'मध्ये बोलण्याची ऊब आहे, 'येत असे'मध्ये जुन्या काळाचं अंतर आहे.

बाकी किरकोळ. 'एक प्रकारची', 'काहीशी', 'कुठेतरी', 'जणू काही', 'का कोण जाणे', 'नकळत': काढून वाक्य म्हणून बघा, अर्थ बदलला नाही तर गेले. 'अचानक' लिहिल्याने काहीच अचानक होत नाही. पण क्रियाविशेषणं सरसकट कापा हा सल्लाही आपल्याकडे जसाच्या तसा लागू नाही. टचकन, खाडकन, झर्रकन, वसकन हे शब्द कानाने आणि डोळ्याने एकदम काम करतात. 'टचकन डोळ्यांत पाणी आलं' यातलं 'टचकन' काढून दाखवा. आणि च, ना, तर, की, बरं का यांना भराव समजू नका. 'तो आलाच' आणि 'तोच आला' या दोन वाक्यांवर दोन वेगळ्या कथा उभ्या राहतील.

तुमचा उतारा इथे पूर्ण देत नाही, त्याच्या धर्तीवर एक रचतो.

'संध्याकाळच्या वेळी त्याने घरात प्रवेश केला. घरामध्ये एक प्रकारची विचित्र शांतता पसरलेली होती. त्याच्या मनात भीतीची भावना निर्माण झाली. कपाट उघडलं गेलेलं होतं आणि सर्व कागद जमिनीवर फेकले गेलेले होते. त्याने कागदांचं निरीक्षण करायला सुरुवात केली. अचानक त्याला असं वाटलं की स्वयंपाकघरात कोणीतरी आहे.'

मी असं करेन:

'संध्याकाळी तो घरात शिरला. घड्याळ सोडलं तर कशाचाच आवाज नव्हता. कपाट उघडं होतं. कोणीतरी सगळे खण उपसून जमिनीवर पालथे केले होते. तो खाली बसला, एकेक कागद उचलून बघू लागला. आत भांडं वाजलं.'

भीतीचं नाव काढलं, कारण घड्याळाची टिकटिक ऐकू येणाऱ्या माणसाला काय वाटतंय ते वाचक ओळखतो. 'कपाट उघडं होतं' यातलं 'होतं' राहू दिलं, कारण ती स्थितीच आहे, त्याला तिथे दिसलेली. 'फेकले गेलेले' काढून 'कोणीतरी' आणलं, कारण कोण हा प्रश्न त्याच्याही मनात आहे, आणि तो वाक्यात दिसायला हवा. 'बघू लागला' मुद्दाम ठेवलं. सुरुवात केली की ती मोडता येते, आणि पुढच्याच वाक्यात मोडली. 'भांडं वाजलं', 'वाजवलं' नाही: कर्ता लपलेलाच राहिला, या वेळी जाणूनबुजून, कारण तो स्वयंपाकघरात लपला आहे.

आता समजा, हाच माणूस पुढे एखाद्या अधिकाऱ्यासमोर जबाब देतो आणि म्हणतो, 'मी घरी आलो तेव्हा कपाट उघडण्यात आलेलं होतं.' हे वाक्य मी अजिबात बदलणार नाही. साधा माणूस अधिकाऱ्यासमोर त्याच्याच भाषेत बोलू पाहतोय, म्हणजे तो घाबरलाय, किंवा काहीतरी झाकतोय. निवेदनात सगळ्यांत वाईट ठरली असती ती रचना इथे सगळ्यांत बोलकी ठरली. म्हणून संवाद तपासताना हात आखडता घ्या. निवेदनातली ढिलाई तुमची असते, संवादातली पात्राची असू शकते.

हे सगळं पहिल्या खर्ड्याच्या वेळी डोक्यात आणू नका, हात अडतो. खर्डा पुरा झाला, चार दिवस गेले की मग बसा. शोधायचं ते 'ने' नव्हे. 'गेलं-गेली-गेले' शोधा (येणं-जाणं वगळून), 'ण्यात आलं', 'ण्यात येत', 'कडून', 'द्वारे', 'निर्माण', 'शकत', 'वाटलं की', 'एक प्रकार'. एकेका ठिकाणी थांबून कर्ता कोण ते समासात पेन्सिलीने लिहा. लिहिता आलं नाही तर ते प्रयोगाचं दुखणं नाही, प्रसंगच तुम्हाला अजून दिसलेला नाही. भाषा घासून उपयोग नाही, परत जाऊन प्रसंग बघावा लागेल. लिहिता आलं आणि लपवायचं कारणही सांगता आलं, तर वाक्याला धक्का लावू नका. इंग्रजी व्याकरण तपासणाऱ्या प्रणाली कर्मणीखाली रेघ मारतात म्हणून दबून जाऊ नका, कोण बोलतंय हे त्यांना माहीत नसतं.

शेवटच्या वाक्याबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय: 'दिवाळखोरीनंतर दोन दिवसांत घर रिकामं केलं गेलं.' तुमची कथा धाकटा भाऊ सांगतो, आणि सामान त्यानेच थोरल्याच्या नकळत हलवलं, हे वाचकाला आदल्या पानावर कळलेलं आहे. 'मी घर रिकामं केलं' ही कबुली झाली. अकरा पानं टाळाटाळ करणारा हा माणूस शेवटच्या ओळीत एकदम प्रामाणिक होणार नाही. 'थोरल्याने घर रिकामं केलं' हे धडधडीत खोटं, आणि तेवढी हिंमत त्याच्यात नाही. 'केलं गेलं' म्हणण्याइतका तो कारकुनी नाही. माझं मत 'दोन दिवसांत घर रिकामं झालं' याला. फुटलेल्या काचेबद्दल 'फुटली' म्हणणाऱ्या मुलासारखं तो बोलेल, आणि वाचकाला खरं माहीत असल्यामुळे त्या 'झालं'वरच तो पकडला जाईल. 'दिवाळखोरीनंतर' हा शब्दही काढा, ते सगळ्यांना ठाऊक आहे.